मधल्या खुर्चीतला पाहुणा

ता. ३ मार्च

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. ताप गेला. खोकला अजून भाडेकरूसारखा राहतोय, निघायचं नाव घेत नाही. तुझी मामी रोज सूप पाजते आणि मी रोज तक्रार करतो, म्हणजे घर पूर्वपदावर आलं असं समज. फोन करणार होतो, पण फोनवर तुझं अर्धं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुझा मामा ऐकतो. म्हणून पत्र. मामाच्या हाती पडू देऊ नकोस म्हणणार होतो, पण तू तिकडे आणि तो इकडे, तेव्हा ती भीती नाही. वय झालं की माणूस असा उगाच सावध होतो.

तर झालं असं. डॉक्टरीणबाईंनी जिना उतरायची परवानगी दिली आणि मी त्याच दिवशी खाली दुकानात गेलो. टेबलावर बोटभर धूळ. दुरुस्तीला आलेला भाजीवाल्याचा काटा मी आजारी पडताना जसा उघडून ठेवला होता तसाच पोट फाडून पडलेला. म्हटलं, आधी त्याचं उरकू. प्रमाण वजनांची पेटी पुढे ओढली, कुलूप हातात घेतलं आणि ठके, आकडाच आठवेना. तीन चकत्या, तीन आकडे. वर्षभर रोज उघडलेलं कुलूप. खरं सांगायचं तर तो आकडा माझ्या बोटांना पाठ होता, डोक्याला कधी पाठ करावाच लागला नाही. आता अंथरुणात पडून बोटं विसरली आणि डोकं म्हणतं, मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मामा माझी शाल घेऊन मागे उभा होता. रात्री जेवताना बोलला. म्हणाला की मागे एकदा मी दुकान सताड उघडं टाकून केस कापायला गेलो, मामीला दोनदा तुझ्या आईच्या नावाने हाक मारली, आणि आता हे. म्हणाला की बाबा, आता पुरे झालं. माणूस बोलावून कुलूप कापून घेऊ, वजनं कोणाच्या तरी उपयोगी पडतील, दुकान बंद करू आणि तुम्ही वर गॅलरीत पेपर वाचत आरामात बसा. मी म्हटलं, साठी बुद्धी नाठी म्हणायचं असेल तर साठी उलटून जमाना झाला, तेव्हा का नाही म्हणालास? त्यावर मामीला हसू आलं आणि मामाला आणखी राग आला.

कापायचं यंत्र त्या पेटीवर चालवणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. ज्या वजनांना आपण बोट लावत नाही, चिमट्याने उचलतो, त्यांच्यावर लोखंडाचा कीस उडणार आणि वर धक्के बसणार. मग ती वजनं नव्हेत, पितळेचे खडे. आणि ती खोटी झाली की कोणाचा काटा खरा आहे हे मी कशाच्या जोरावर सांगू?

मी म्हटलं, तीन शून्यांपासून सुरुवात करून एकेक आकडा फिरवत गेलो तर संध्याकाळपर्यंत उघडेल. मामा म्हणाला की उघडेल, पण त्याने तुमची बोटं शाबूत आहेत एवढंच कळेल, डोकं नाही. चिडलो, पण मुद्दा बिनतोड होता. शेवटी असं ठरलं: महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मामा-मामीसमोर, मी एकदाच आकडा लावायचा. तोवर कुलपाला हात लावून बघायचं नाही. उघडलं तर दुकान माझं आणि गॅलरीचा विषय पुन्हा निघणार नाही. नाही उघडलं तर दुकानाच्या किल्ल्या मी स्वतः मामाच्या हातात ठेवायच्या. मी हो म्हणून बसलो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आता तुझं काम. गेल्या सुट्टीत मी आकडा बदलला तेव्हा आपण नेहमीसारखा खुर्च्यांचा खेळ खेळलो होतो. नियम पुन्हा लिहितो, म्हणजे नंतर तुझी भांडायची सोय नको. आकडे तीन, तिन्ही वेगळे, जुळी भावंडं चालत नाहीत. प्रत्येक आकडा हा पाहुणा. तुम्ही कुलपावर एक अंदाज लावायचा, आणि मी फक्त एवढंच सांगायचं की किती पाहुणे आलेत, आणि आलेले आपल्या खुर्चीत बसलेत की दुसऱ्याच्या. कोणता आला ते सांगायचं नाही. तुला तीन डाव मिळाले होते. ते तीन अंदाज आणि मी दिलेली उत्तरं कळव. आकडा काढू नकोस. काढलास तर गिळून टाक. रविवारी तोलायचंय ते माझं डोकं, तुझं नव्हे.

बाकी क्षेम. लोभ पुऱ्या वजनाचा पाठव, घट चालणार नाही.

तुझा,
आजोबा

ता. क. तुझ्या बेकरीतल्या काट्याचं शून्य रोज सकाळी बघतेस ना?


ता. ८ मार्च

ती. आजोबांना,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र मी भट्टीसमोर उभी राहून वाचलं, त्यामुळे या कागदावर पीठ दिसलं तर ते प्रेमाचं समजा. आमच्या मुख्य बेकरीणबाई मागून आल्या आणि म्हणाल्या की प्रेमपत्र आहे का? मी म्हटलं हो, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. तेव्हापासून त्या माझ्याकडे जरा संशयाने बघतात.

शून्य रोज बघते. परवा ते हललेलं निघालं. पारड्याखाली वाळलेल्या कणकेची गोळी अडकली होती आणि त्या दिवशीचे आमचे सगळे पाव हलके गेले असते. मी दाखवून दिलं, तर बाईंनी दुसऱ्या दिवसापासून गोळे तोलायला मला बसवलं. ही बढती आहे की शिक्षा ते अजून कळलेलं नाही.

आता डाव. तिन्ही लख्ख आठवतात, कारण हरल्याचं मी कधी विसरत नाही, हा गुण तुमच्याकडूनच आलाय.

पहिला डाव ४२१. तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात आणि सांगितलंत की दोन पाहुणे आलेत, पण दोघंही दुसऱ्याच्या खुर्चीत. दुसरा ३७४. तुम्ही म्हणालात की एकच आलाय, पण कसा, आपल्या खुर्चीत ऐसपैस. तिसऱ्यात मी शहाणपणा केला. एक हा आकडा आलाय की नाही ते बघायला त्याला मुद्दाम दोन नव्या आकड्यांबरोबर बसवला आणि लावलं १९८. तुम्ही म्हणालात की घर रिकामं, चिटपाखरूही नाही. मला वाटलं मी हरले म्हणून तुम्ही हसताय. मग माझी गाडी आली, बॅगा उचलायची घाई झाली आणि खेळ अर्धाच राहिला.

एक डाव मामीचाही होता. ती चहा घेऊन आली, जाता जाता तिने एका हाताने चकत्या फिरवल्या, तुम्ही काहीतरी सांगितलंत आणि तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून ती पळाली. तिचा आकडा मला माहीत नाही. तिलाच विचारा, पण मामा नसताना.

आणि आजोबा, मामावर फार डाफरू नका. तुम्ही तापात होतात तेव्हा तो ऑफिसला दांडी मारून तुमच्या उशाशी बसायचा, हे मामीने मला कळवलंय. तो तुम्हाला घाबरवत नाहीये, तोच घाबरलाय. म्हणून काही त्याला जिंकू द्यायचं नाही, हे वेगळं.

तब्येतीला जपा, सूप मुकाट्याने प्या आणि माझ्यावरची माया पातळ करू नका.

तुमची,
ठकी


ता. १३ मार्च

चि. ठकीस,

अ. आ. तुझं पत्र पोचलं. पीठ झटकून वाचलं. बढतीच आहे ती, वेडे. जिला शून्य दिसतं तिलाच काटा देतात.

तुझे तीन डाव घेऊन बसलो. तीन पेले मांडले, त्या तीन खुर्च्या. मामीने विचारलं की बाबा, पाणी हवंय का? मी म्हटलं, नको, पाहुणे यायचेत. तिने मामाला काही सांगितलं नाही, भली बाई आहे.

ऐक. शेवटच्या डावापासून सुरुवात केली, कारण त्यात कोणीच आलं नव्हतं. तेव्हा एक, नऊ आणि आठ हे तिघे बाद. आता तुझा पहिला डाव, ४२१. दोन आलेत म्हणालो होतो. एक तर आलेला नाही, मग आलेले कोण? चार आणि दोन. पुढे ३७४. त्यात एकच आला, तोही आपल्या खुर्चीत. चार आलाय हे आपल्याला कळलंयच, म्हणजे तो एकटा म्हणजे चारच. तीन आणि सात बाद, आणि चारची खुर्ची तिसरी. राहिला दोन. ४२१ मध्ये तो मधे होता आणि चुकीच्या खुर्चीत होता, म्हणून मधली त्याची नव्हे. तिसरीत चार बसलाय. मग दोन पहिल्या खुर्चीत. काय? आहे की नाही डोकं! मी टेबलावर अशी थाप मारली की पेला पडला.

म्हणजे पहिला दोन, शेवटचा चार, आणि मधली खुर्ची रिकामी. तिच्यासाठी दारात तिघे उभे: शून्य, पाच आणि सहा. बाकीचे सगळे एक तर बसलेत नाहीतर बाद झालेत. तिघांतून एक निवडायला मामीचा डाव पुरेल असं वाटलं. मामा बाहेर गेल्यावर तिला गाठलं.

तिला डाव पक्का आठवतोय. तिने लावला होता ९०८, कारण तो तिच्या माहेरच्या घराचा नंबर. आणि मी तिला सांगितलं होतं की एक पाहुणा आलाय, पण दुसऱ्याच्या खुर्चीत. हे ऐकून मी खुशीत पेल्यांपाशी गेलो आणि ठके, तिथे सगळं आडवं आलं. नऊ आणि आठ तुझ्या डावात बाद झालेत. मग आलेला पाहुणा शून्यच असणार. पण मामीच्या आकड्यात शून्य मधे आहे आणि मी म्हणालो होतो की तो दुसऱ्याच्या खुर्चीत आहे. म्हणजे मधली त्याची नाही. आणि रिकामी आहे ती फक्त मधलीच! आलाय तर खरा, पण बसायला जागा नाही, असा पाहुणा मी आयुष्यात बघितला नाही. त्या नवाने माझ्या अक्षरशः नाकी नऊ आणले.

मामीला तीनदा विचारलं. ती म्हणते की माहेरचा नंबर कोणी चुकतं का? ते खरंच आहे. तू चुकलीस म्हणावं तर तुझे तिन्ही डाव एकमेकांत चपखल बसतात. मग उरलो कोण? मीच. मीच तेव्हा उत्तर चुकीचं दिलं असणार.

आणि तेव्हा मला ताप नव्हता, ठके. चांगला धडधाकट होतो, सगळ्यांना हसवत होतो. स्वतः लावलेला आकडा डोळ्यांसमोर होता आणि तरी जर मी तीन आकडे नीट जुळवू शकलो नाही, तर माझ्या डोक्याची दांडी तेव्हापासूनच वाकलेली आहे. मग मामाचं काय चुकलं? वाकड्या दांडीच्या माणसाने लोकांचे काटे तपासू नयेत. कुलपाचं मला काही नाही, पण या विचाराची भीती वाटते. जन्मात कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगतोय, मला फार भीती वाटते.

रविवारची वाट न बघता किल्ल्या देऊन टाकाव्यात असं मनात येतं. निदान आपण होऊन दिल्या असं तरी होईल.

काय ते कळव. तुझा लोभ या खेपेला जरा जास्तच लागेल.

आजोबा


ता. १८ मार्च

ती. आजोबांना,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार नियमाप्रमाणे केला. आता भांडते.

किल्ल्या द्यायच्या म्हणे! तुम्ही मला काय शिकवलंत आणि स्वतः काय करताय? एक काटा विचित्र दाखवायला लागला की लगेच दांडी वाकडी म्हणून भंगारात टाकता का तुम्ही? मी टेबलाच्या उंचीचीही नव्हते तेव्हा तुम्ही मला स्टुलावर उभं करून सुई वाचायला लावायचात. मी कडेने वाकून वाचायचे आणि दरवेळी चुकायचे आणि काटा खोटा आहे म्हणून रडायचे. तेव्हा तुम्ही माझे खांदे धरून मला समोर सरकवायचात आणि सांगायचात की काट्याला दोष देण्याआधी वाचणारा कुठे उभा आहे ते बघ. काटा खरा असतो, वाचणाराही खोटं बोलत नसतो, तरी उत्तर चुकतं, कारण उभं राहायची जागा चुकलेली असते.

परवा इथे हेच झालं. दोघी जणी एकाच गोळ्यावरून हातघाईवर आल्या. एक म्हणे जड, दुसरी म्हणे बरोबर. बाईंनी मला बोलावलं. मी काट्याला हात न लावता दोघींना एका जागी उभं केलं आणि भांडण मिटलं. बाईंनी विचारलं की हे कोणाकडून शिकलीस? मी म्हटलं, त्याच प्रेमपत्रवाल्याकडून.

तर आजोबा, माझे डाव खरे, मामीचं माहेर खरं आणि तुमचं डोकंही खरं, असं धरून चला. आणि मग एकच गोष्ट आठवा: चहा घेऊन आलेली मामी त्या दिवशी कुठे उभी होती?

बस. याच्यापुढे मी एक अक्षर लिहिणार नाही. मला काही कळलंय का, हेही विचारू नका. तुम्हीच सांगितलंय की तोलायचंय ते तुमचं डोकं. तोलून घ्या. आणि रविवारी काय झालं ते त्याच दिवशी लिहा, नाहीतर माझे पाव जळतील.

रागावले असले तरी माया तेवढीच आहे, आणि ती तशीच परत हवी.

तुमची,
ठकी


ता. २९ मार्च, रविवार

चि. ठकी हिस,

उदंड, उदंड आशीर्वाद! वि. वि. उघडलं! आधी तेवढं लिहून टाकतो, म्हणजे तुझे पाव वाचतील. बाकीचं आता सावकाश सांगतो, कारण आज मला सावकाश सांगायचा अधिकार आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा खरं म्हणजे मी ते रागाने घडी करून खिशात घातलं. आजोबाला शिकवतेय, म्हटलं. मग खाली जाऊन माझ्या खुर्चीत बसलो. समोर टेबल, टेबलावर कुलूप. स्वयंपाकघरातून दुकानात यायचं दार पलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला. मामी नेहमी तिथूनच येते आणि ट्रे घेऊन टेबलापलीकडे उभी राहते. मी उठलो, वळसा घालून तिकडे गेलो आणि मामीसारखा उभा राहून कुलपाकडे बघितलं.

ठके, सगळं उलटं! माझ्या समोर सरळ असलेलं कुलूप तिकडून पालथं. आणि त्याच्यावरचे आकडे इंग्रजी. इंग्रजी शून्य उलटा केला तरी शून्यच, आठही आठच, म्हणून बघणाऱ्याला शंकाच येत नाही. पण सहा पालथा झाला की नऊ! शिवाय तिकडून जो पहिला, तो इकडून शेवटचा. मामीने तिच्या बाजूने माहेरचा ९०८ नीट लावला, आणि तेच कुलूप माझ्या बाजूने मला दिसलं ८०६. मी उत्तर दिलं ते ८०६ चं. तिने लक्षात ठेवलं ते ९०८ साठी. दोघंही खरे! तू माझ्या शेजारी स्टुलावर होतीस, म्हणून तुझे डाव सरळ.

आता ८०६ घेऊन बघ. आठ बाद झालेला. शून्य मधे, आणि मधली त्याची नव्हे, दुसरी कुठली रिकामी नाही, म्हणजे तोही बाद. मग आलेला पाहुणा सहा. तिथे तो तिसऱ्या खुर्चीत होता, ती चारची, म्हणून दुसऱ्याच्या खुर्चीत. अगदी जसं मी सांगितलं होतं तसं. ठके, मी तेव्हा बरोबर होतो! दांडी सरळ होती. मी त्या टेबलापाशी उभा राहून एकटाच मोठमोठ्याने हसलो आणि मग थोडा रडलोही, पण ते तू विसरून जा. आकडा डोक्यात होता आणि बोटं नुसती शिवशिवत होती, तरी हात लावला नाही. शब्द दिला होता.

आज सकाळी सगळे खाली जमलो. मामाने कापायचं यंत्र कोणाकडून तरी मागून आणलं होतं आणि टेबलाखाली पिशवीत लपवलं होतं, जणू मला दिसतच नाही. मी तीन पेले मांडले आणि भाषण सुरू केलं. मामीने आठवण करून दिली की चहा निवतोय. मी म्हटलं, निवू दे, असा दिवस रोज येत नाही. मग एकेक डाव घेऊन एकेक पाहुणा बसवत गेलो. मामाने दोनदा मधेच अडवलं, आणि अडवलं ते बरोबर जागी, मी दोन्ही वेळा समजावलं. मामीच्या डावापाशी आलो तेव्हा तो म्हणाला की बघा, इथे घोळ आहे, बाबा. मी त्याचा दंड धरला, त्याला मामीच्या जागेवर उभं केलं आणि कुलपाकडे बघायला सांगितलं.

तो बघत राहिला. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. आणि मग, मी तोंड उघडायच्या आत, तुझा मामा स्वतः ओरडला की सहा, बाबा, मधे सहा! असा ओरडला की समोरच्या चपला शिवणाऱ्या बाई दारात येऊन बघून गेल्या.

मी खुर्चीत बसलो. दोन. सहा. चार. कडी ओढली आणि खट्! तो आवाज मी हजारदा ऐकलाय, पण आजचा निराळा. मामी टाळ्या वाजवत होती. मामाने आधी डोळे मिटून घेतले होते, ते आवाज झाल्यावर उघडले. पेटी उघडली तर वजनं जशीच्या तशी, झळझळीत, अगदी शेवटचं पानाएवढं पातळ वजनसुद्धा आपल्या खाचेत. चिमट्याने उचलून मामाच्या तोंडासमोर धरलं. त्याला फुंकर मारू नकोस म्हटलं, तर तो श्वासच रोखून उभा राहिला. मग भाजीवाल्याच्या काट्याला हात घातला. चहा गार प्यायलो. अमृत होता.

आता एक खरी गोष्ट. मी पुन्हा विसरणार आहे. आकडे विसरेन, नावं विसरेन, कदाचित दुकानाचं दारही उघडं टाकेन. ते वय करतं, त्याच्याशी भांडण नाही. पण आकडा विसरला तरी तो शोधायचा कसा ते मला येतं, आणि आता घरात सगळ्यांना येतं. म्हणून आजच नवीन आकडा लावलाय, आणि नियमही नवा केलाय. घरातल्या प्रत्येकाला डाव मिळणार आणि आपलं उत्तर ज्याने त्याने जपायचं. एकट्याला कोणालाच कुलूप उघडता येणार नाही, पण मी विसरलो तर सगळ्यांनी एका टेबलाशी बसायचं आणि पाहुणे ज्याच्या त्याच्या खुर्चीत बसवायचे. तुझे डाव पोस्टाने पाठव. उत्तर उलट टपाली मिळेल.

आणि हो, तुला आधीच कळलं होतं, हे मला कळलंय. गिळून टाकलंस, शहाणी आहेस.

लोभ आज पारड्यात मावत नाही, तरी पाठवतोय.

तुझा,
आजोबा
(काटेदुरुस्तीचं दुकान, चालू)


ता. ४ एप्रिल

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा चूक भूल माफ कर. बाबांनी तुला सगळं तिखटमीठ लावून कळवलं असेलच. त्यातलं मी ओरडलो ते खरं आहे. डोळे मिटले तेही खरं आहे. उघडलं नाही तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला लागेल म्हणून मिटले होते. पैज माझी होती आणि त्या घटकेला मला ती हरायची होती. हरलो आणि कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

यंत्र ज्याचं त्याला परत दिलं. दुकानाच्या दाराला एक घंटा लावून घेतली आहे, म्हणजे बाबा बाहेर पडले की वर कळतं. ते म्हणाले की मी काय मांजर आहे का? पण काढायला सांगितली नाही. भाजीवाला काटा घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी मिठाईवाल्याला घेऊन आला. सकाळी मी ऑफिसला निघतो तेव्हा ते खाली कामाला लागलेले असतात आणि शिट्टी वाजवत असतात, बेसूर.

माझा डाव काल झाला. मी नेहमीच्या सवयीने टेबलापलीकडे उभा राहिलो. लहानपणापासून मी त्या टेबलाच्या गिऱ्हाइकांच्या बाजूलाच उभा राहत आलोय. शाळेतून आलो की तिथे, नोकरी लागली ते सांगायला तिथे, आणि दुकान बंद करा म्हणायलाही तिथेच. बाबांनी बोटाने खूण करून मला त्यांच्या बाजूला बोलावलं. म्हणाले की तिकडून वाचलंस तर बायकोसारखं व्हायचं. तू सुई वाचायला शिकलीस ते स्टूल त्यांनी ओढून दिलं आणि मी बसलो. गुडघे टेबलाला लागत होते. तिथून सगळे काटे सरळ दिसतात, हे मला आजवर माहीतच नव्हतं. आम्ही कुलपावर बराच वेळ काढला आणि मामी दोनदा जेवायला हाका मारून गेली.

माझ्या डावाचं उत्तर काय ते विचारू नकोस, नियम आहे. एवढंच सांगतो की बाबा फार हसले आणि मग खोकले.

तुझे डाव लवकर पाठव, ते रोज पोस्टमनची वाट बघतात. आणि सुट्टीत नक्की ये. त्या बाजूला स्टूल एकच आहे, म्हणून मी सुताराकडे आणखी दोन करायला टाकली आहेत. एक तुझं, एक मामीचं.

आमच्यावर जीव असू दे, आमचा तुझ्यावर आहेच.

तुझा,
मामा